वादळानंतरचा दिवा : ग्रामपंचायतीसाठी लहान जनित्राची निवड

रत्नागिरी हा वीज निर्माण करणारा जिल्हा आहे. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथील भूमिगत वीजगृहातून कोयनेची वीज १९६२ पासून राज्याला मिळू लागली. पुढे गुहागर तालुक्यात वायूवर आणि रत्नागिरी तालुक्यातील जयगड येथे कोळशावर चालणारी मोठी वीजकेंद्रे उभी राहिली. तथापि वीज निर्माण होणे आणि ती डोंगरउतारावरील शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आंबा-फणसाच्या दाट बागांतून गेलेल्या तारा आणि समुद्राकडून येणारा खारा वारा यांमुळे हा शेवटचा टप्पाच सर्वांत नाजूक ठरतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा मोठा तडाखा शेजारच्या दापोली व मंडणगड तालुक्यांना बसला. विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि काही गावांना वीजपुरवठा सुरळीत होण्यासाठी कित्येक आठवडे वाट पाहावी लागली. पुढच्याच वर्षी १६ मे रोजी ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून पुढे गेले, तर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. त्यापूर्वी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ येऊन गेले होते. अशी संकटे पुन्हा येणार हे गृहीत धरूनच गावाने आपली तयारी केली पाहिजे.

या तयारीचा एक भाग म्हणून अनेक ग्रामपंचायती, शाळा आणि आरोग्य केंद्रे लहान, हातात उचलून नेता येण्याजोगे जनित्र घेण्याचा विचार करीत असतात. बाजारात अलीकडे ‘इन्व्हर्टर जनरेटर’ या नावाने मिळणारी यंत्रे या कामासाठी पुढे आली आहेत. ही यंत्रे कशी चालतात, त्यांच्याकडून कोणते काम घ्यावे, कोणते घेऊ नये आणि निवड करताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन निराळे ‘इन्व्हर्टर’

प्रथम नावाचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘इन्व्हर्टर’ म्हटले की घराच्या कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी आणि तिच्यावरील पेटी डोळ्यांसमोर येते. ती पेटी स्वतः वीज निर्माण करीत नाही. वीज असताना बॅटरीत साठवलेली शक्ती ती वीज गेल्यावर परत देते. चार-सहा तासांच्या खंडासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु पुरवठा आठ दिवस बंद राहिला, तर पहिल्या रात्रीनंतर ती निरुपयोगी होते. इन्व्हर्टर जनित्र मात्र पेट्रोलच्या इंजिनावर चालणारे खरेखुरे जनित्र आहे. इंधन मिळते तोवर ते वीज देते.

साध्या लहान जनित्रात इंजिन मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे या ठरावीक वेगाने फिरवावे लागते, कारण आपल्याकडील विजेची सेकंदाला पन्नास आवर्तने त्या फेऱ्यांवरच अवलंबून असतात. एक दिवा लावा अथवा दहा लावा, इंजिनाचा वेग तोच राहतो. त्यामुळे भार कमी असतानाही इंधन जळते आणि आवाजही कमी होत नाही. शिवाय भार एकाएकी वाढला वा घटला की इंजिन क्षणभर अडखळते आणि त्यासरशी विजेचा दाब व आवर्तने खालीवर होतात. दिव्याला व पंख्याला याचे फारसे काही वाटत नाही. परंतु संगणक, वैद्यकीय उपकरणे आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे यांना हा चढउतार मानवत नाही.

इन्व्हर्टर जनित्राची रचना वेगळी आहे. त्यातील इंजिन प्रथम उच्च आवर्तनांची वीज निर्माण करते. ही वीज इलेक्ट्रॉनिक मंडलात एकदिश प्रवाहात बदलली जाते आणि नंतर त्या प्रवाहातून २३० व्होल्ट दाबाची, सेकंदाला नेमक्या पन्नास आवर्तनांची वीज पुन्हा तयार केली जाते. बाहेर पडणाऱ्या विजेचा दर्जा इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून राहत नसल्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू चालू शकते. यातून तीन लाभ होतात : वीज स्थिर मिळते, इंधन वाचते आणि आवाज कमी होतो. यंत्राचे वजनही घटते.

या लाभांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इन्व्हर्टर जनित्र त्याच शक्तीच्या साध्या जनित्राहून महाग असते. त्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल बिघडले तर गावातील मेकॅनिक ते दुरुस्त करू शकेलच असे नाही. बहुधा ते संपूर्ण बदलावे लागते. म्हणून ज्या ठिकाणी केवळ दिवे आणि पंखे चालवायचे आहेत, तेथे साधे जनित्रही पुरते. संगणक व नाजूक उपकरणे चालवायची असतील, यंत्र हलवावे लागणार असेल आणि भार दिवसभर थोडाच राहणार असेल, तेथे इन्व्हर्टर जनित्रासाठी जादा खर्च करणे योग्य ठरते. खरेदीच्या वेळी आणखी एक दक्षता घ्यावी. काही साध्या जनित्रांवर ‘एव्हीआर’ असे लिहिलेले असते. ही दाब नियंत्रित करणारी सोय आहे. तिच्यामुळे आवर्तने स्थिर होत नाहीत आणि इंजिनाचा वेगही कमी करता येत नाही. असे यंत्र इन्व्हर्टर जनित्र नव्हे.

आधी यादी, मग यंत्र

जनित्र किती मोठे घ्यावे हा प्रश्न सभेत आला की चर्चा बहुधा किमतीपासून सुरू होते. ती विजेच्या यादीपासून सुरू व्हावयास हवी. वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात कोणती कामे थांबून चालणार नाहीत, हे प्रथम कागदावर लिहावे. नुकसानीचे पंचनामे, बाधित कुटुंबांच्या याद्या आणि त्यांच्या बँक खात्यांचे तपशील आता संगणकावर भरले जातात. ही कामे अडली तर घराचे छप्पर उडालेल्या कुटुंबाची मदतही अडते. रास्त भाव दुकानातील यंत्र, लोकांचे भ्रमणध्वनी आणि निवाऱ्याच्या जागी, म्हणजे बहुधा शाळेत, रात्रीचा उजेड या गरजाही तितक्याच निकडीच्या असतात. या सर्वांना लागणारी वीज आश्चर्य वाटावे इतकी थोडी असते.

उदाहरणादाखल एका ग्रामपंचायत कार्यालयाचा हिशेब पाहू. दहा वॉटचे आठ एलईडी दिवे : ८० वॉट. एक लॅपटॉप : ६५ वॉट. इंटरनेटचे उपकरण : २० वॉट. शाईचा छोटा प्रिंटर : ३० वॉट. एका वेळी वीस भ्रमणध्वनी चार्ज करण्यासाठी प्रत्येकी दहाप्रमाणे २०० वॉट. दोन पंखे : १५० वॉट. एकूण बेरीज ५४५ वॉट होते. हा भार एक केव्हीए वर्गाचे लहान जनित्रही सहज वाहू शकते. मात्र याच यादीत लेझर प्रिंटर आला तर गणित बदलते. तो कागद छापताना काही क्षण पाचशे ते हजार वॉट ओढतो. पाणी तापवण्याची किटली किंवा इस्त्री तर अशा यंत्रावर लावूच नये.

यंत्रावरील आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, जनित्रावर बहुधा दोन आकडे असतात : एक कमाल शक्तीचा व दुसरा सलग चालवण्याच्या शक्तीचा. जाहिरातीत मोठा आकडा पुढे असतो, पण कमाल शक्ती थोड्या वेळापुरतीच मिळते. निवड सलग शक्तीच्या आकड्यावरून करावी आणि तिच्याही तीन चतुर्थांशापर्यंतच नेहमीचा भार ठेवावा. दुसरी गोष्ट, मोटार असलेली उपकरणे सुरू होताना त्यांच्या नेहमीच्या भाराच्या कित्येक पट शक्ती ओढतात. शीतपेटी चालू स्थितीत दीडशे वॉट घेत असली तरी तिचा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी ती ओढ अनेक पटींनी वाढते. त्यामुळे जेथे शीतपेटी चालवायची आहे तेथे दोन केव्हीए वर्गाच्या यंत्राचा विचार करावा, तिच्या नामपट्टिकेवरील आकडे विक्रेत्याला दाखवावेत आणि शक्य तर खरेदीपूर्वी प्रत्यक्ष चालवून पाहावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाबतीत एक दिलासादायक बाब येथे नमूद करावीशी वाटते. लसी ठेवण्यासाठी वापरले जाणारे बर्फ-अस्तराचे शीतक यंत्र दिवसातून सुमारे आठ तास वीज मिळाली तरी आतील तापमान टिकवू शकते, मात्र त्याचे झाकण वारंवार उघडता कामा नये. म्हणजे जनित्र चोवीस तास चालवण्याची गरज नाही. ठरावीक वेळांना चालवले तर पुरते.

पाण्याचा पंप : मर्यादा ओळखावी

वीज गेल्यावर गावकऱ्यांची पहिली मागणी पाण्याची असते आणि जनित्र घेतले म्हणजे नळाला पाणी येईल, अशी अपेक्षा निर्माण होते. ही अपेक्षा खरेदीपूर्वीच तपासून घ्यावी. एक अश्वशक्तीची मोटार सुमारे ७४६ वॉट काम देते, त्यासाठी हजार वॉटच्या आसपास वीज घेते आणि सुरू होताना तिची ओढ याच्या पाच-सहा पट असू शकते. तेव्हा दोन केव्हीएच्या जनित्रावर एक अश्वशक्तीची मोटारही सुरू होईलच याची खात्री देता येत नाही. नळपाणी योजनांचे पंप तर बहुधा याहून मोठे आणि तीन फेजचे असतात. हातात उचलता येणाऱ्या एक फेजच्या जनित्राचे ते कामच नव्हे.

म्हणून पाण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था ठरवून ठेवणे हिताचे आहे : भाड्याने मिळणारे डिझेलचे मोठे जनित्र कोठून येईल, ते ट्रॅक्टरने पंपघरापर्यंत नेता येईल काय, रस्ता बंद असेल तर कोणत्या विहिरींचे पाणी वापरावयाचे, हे मे महिन्यापूर्वीच लिहून ठेवावे. ही विभागणी आधी केली नाही तर संकटाच्या दिवशी लहान जनित्र पंपाला जोडून जाळले जाते आणि मग कार्यालयातील दिवाही जातो.

पाखाडीची कसोटी

कोकणातील वाड्या रस्त्याला लागून असतातच असे नाही. अनेक वाड्यांना आजही पाखाडीने चढून जावे लागते. त्यामुळे वजन हा येथे निवडीचा महत्त्वाचा निकष ठरतो. चांगल्या बनावटीचे एक केव्हीएचे इन्व्हर्टर जनित्र साधारण तेरा-चौदा किलो, दोन केव्हीएचे वीस-बावीस किलो, तर तीन केव्हीएचे साठ किलोच्या आसपास भरते. पहिली दोन एक माणूस हातात धरून पाखाडी चढू शकतो. तिसऱ्याला चाके असली तरी पायऱ्यांवर त्यांचा उपयोग नाही.

काही इन्व्हर्टर जनित्रे विशिष्ट तारेने एकमेकांना जोडून दुप्पट भार वाहू शकतात. मात्र दोन्ही यंत्रे एकाच बनावटीची आणि जोडणीस योग्य असावी लागतात. एका मोठ्या यंत्राऐवजी दोन लहान यंत्रे घेतली, तर एक कार्यालयात आणि दुसरे निवाऱ्याच्या शाळेत चालवता येते. एक बंद पडले तरी दुसरे हाताशी राहते. विखुरलेल्या वाड्यांच्या गावाला ही रचना अधिक सोयीची आहे.

इंधनाचा हिशेब

दोन केव्हीए वर्गाचे यंत्र सुमारे साडेतीन लिटर पेट्रोलवर पाव भार असताना आठ तासांच्या आसपास आणि पूर्ण भार असताना तीन तासांपेक्षा थोडे अधिक चालते. म्हणजे भार आटोक्यात ठेवला तर तेच इंधन दुपटीहून अधिक काळ पुरते. दिवसाला सहा तास मध्यम भाराने यंत्र चालवले तर तीन ते चार लिटर पेट्रोल लागेल, म्हणजेच आठवड्याला एकवीस ते अठ्ठावीस लिटर.

या आकड्याला कायद्याचीही चौकट आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. मात्र काचेचे वा मातीचे पात्र एक लिटरहून आणि अन्य पात्र पंचवीस लिटरहून मोठे असता कामा नये. थोडक्यात, नेमस्तपणे वापरल्यास एका यंत्राचा आठवड्याचा साठा या मर्यादेत बसतो. दोन यंत्रे घेतल्यास तासांचे वाटप त्याप्रमाणे करावे लागेल. साठा धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वस्तीच्या खोलीपासून व चुलीपासून दूर ठेवावा.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात असे पेट्रोल महिनोन्महिने टाकीत राहिले तर कार्ब्युरेटर चोंदतो आणि ऐन वेळी यंत्र सुरू होत नाही. तेव्हा यंत्र अशा पेट्रोलसाठी योग्य असल्याची खात्री करून घ्यावी, वापर संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत आणि साठ्यातील पेट्रोल ठरावीक काळाने वापरून नवे भरावे.

ज्या कार्यालयात बॅटरीचा इन्व्हर्टर आधीच आहे, तेथे दोन्हींची सांगड घालणे सर्वांत किफायतशीर ठरते. दिवसा जनित्र चालू असताना त्यावर कार्यालयाचे काम करावे आणि त्याच वेळी बॅटरीही चार्ज करून घ्यावी. रात्री जनित्र बंद ठेवून बॅटरीवर दिवे लावावेत. यामुळे इंधन वाचते आणि रात्रीची शांतताही भंगत नाही. जेथे सौर पटले बसवली आहेत तेथेही हीच पद्धत लागू पडते, कारण सलग पावसाच्या दिवसांत सौर पटलांवर पूर्ण विसंबता येत नाही.

जिवावर बेतणाऱ्या दोन चुका

जनित्राच्या वापरातील बहुतेक चुकांची किंमत पैशांत मोजता येते. दोन चुकांची मात्र नाही.

पहिली चूक म्हणजे यंत्र घरात, पडवीत अथवा खिडकीखाली चालवणे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. झोपलेल्या माणसाला तो कळण्यापूर्वीच बेशुद्ध करतो. पाऊस पडतो आहे म्हणून यंत्र आत घेण्याचा मोह होतो, आणि तोच घातक आहे. यंत्र इमारतीपासून किमान वीस फूट दूर, धूर दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला जाईल असे, चारही बाजूंनी उघड्या छपराखाली व उंच कोरड्या जोत्यावर ठेवावे. पुराचा धोका असलेल्या गावांत यंत्र वरच्या मजल्यावर ठेवावे हे खरे, पण ते ठेवण्यापुरतेच. तेथे ते चालवू नये. कार्यालयाच्या आवारात अशी छपरी आधीच बांधून ठेवली तर ऐन वेळचा मोह टळतो.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने जनित्राची वीज भिंतीतील सॉकेटमधून इमारतीत सोडणे. ही वीज मुख्य स्विचमधून मागे जाऊन रोहित्रापर्यंत पोहोचू शकते. रोहित्र एरवी अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून घरगुती दाबाची वीज देते. उलट दिशेने आलेल्या विजेला ते अकरा हजार व्होल्टपर्यंत चढवू शकते. वादळानंतर खांबावर चढलेला वायरमन तार मृत आहे असे समजून काम करीत असतो. आपल्या गावात उजेड यावा म्हणून जो माणूस पावसात खांबावर चढला आहे, त्याचाच जीव आपल्या जनित्रामुळे धोक्यात येतो. यावर उपाय साधा आहे. एक तर उपकरणे थेट जनित्राला जोडावीत, किंवा परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे एका वेळी बाहेरचा पुरवठा अथवा जनित्र यांपैकी एकच जोडला जाईल. यंत्राचे भूसंयोजनही याच कंत्राटदाराकडून तपासून घ्यावे.

आवाजाचाही विचार करावा. रुग्णालये व शाळा यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. इन्व्हर्टर जनित्र कमी भारावर तुलनेने शांत चालते हा आरोग्य केंद्रासाठी मोठाच गुण आहे.

यंत्र कोणाचे?

सार्वजनिक मालमत्तेचा नेहमीचा अनुभव असा, की जी वस्तू सर्वांची असते तिची काळजी कोणाचीच नसते. जनित्राच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. ते वर्षभर कपाटाआड पडून राहते आणि एका दिवशी त्याच्याकडून तातडीची सेवा अपेक्षिली जाते. खाऱ्या हवेत गंजलेला प्लग व जुने पेट्रोल घेऊन ते ती सेवा देऊ शकत नाही.

यास्तव खरेदीच्या ठरावातच देखभालीची तरतूद असावी. यंत्र चालवू शकणाऱ्या दोन व्यक्तींची नावे ठरावात नमूद करावीत. एक व्यक्ती बाहेरगावी असेल तर दुसरी उपलब्ध राहील. दर महिन्याला एकदा यंत्र वीस मिनिटे प्रत्यक्ष भारासह चालवावे आणि त्याची नोंद तारीख, तास व इंधन यांसह नोंदवहीत करावी. नवीन यंत्र बहुधा तेलाविना येते. तेल न घालता ते सुरू केल्यास पहिल्याच दिवशी इंजिन निकामी होऊ शकते. पुढील तेलबदल पुस्तिकेतील तासांप्रमाणे करावा. एक जादा प्लग, एअर फिल्टर व तेलाची बाटली यंत्रासोबतच ठेवावी. सेवाकेंद्र किती अंतरावर आहे आणि सुटे भाग जिल्ह्यात मिळतात काय, हे दरपत्रकाइतकेच बारकाईने पाहावे. गणेशोत्सवात वा लग्नकार्यात यंत्र उसने देण्याची प्रथा पडू देऊ नये. द्यावयाचेच झाले तर पावसाळ्यापूर्वी देखभाल करून ते परत जागेवर आल्याची जबाबदारी निश्चित असावी.

शाळांनी या कामात शिक्षणाचीही संधी पाहावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील उपकरणांच्या नामपट्टिका वाचून वॉटची बेरीज केली तर भौतिकशास्त्राचा एक धडा शिकून होईल आणि गावाच्या यादीचा कच्चा आराखडाही तयार होईल.

ग्रामसभेपुढे जनित्राचा विषय येईल तेव्हा सभासदांनी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत : कोणती उपकरणे चालवायची आहेत? त्यांची सलग व सुरुवातीची ओढ किती? यंत्र कोठे चालेल व कोण चालवील? आठवड्याचे इंधन कोठे राहील? आणि पंपाची व्यवस्था काय? ही उत्तरे तयार असली तर एक, दोन अथवा तीन केव्हीए यांतील निवड आपोआप होते. मे महिन्याच्या मासिक सभेत ही पाच उत्तरे वाचून दाखवण्याचा आणि त्याच दिवशी सर्वांसमक्ष यंत्र सुरू करून पाहण्याचा पायंडा प्रत्येक ग्रामपंचायतीने पाडला, तर जूनमधील पहिल्या वादळी रात्री गावाला अंधारात चाचपडावे लागणार नाही.